युनियनशीच वाद झाला, तर दाद कुठे मागायची?

या अंकात युनियनच्या कारभाराविषयी आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून कंपन्यांची आणि युनियनची नावे गाळली आहेत.

उत्तरांआधी कायद्यातला एक बदल लक्षात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. कामगार संघटना अधिनियम, १९२६ आणि औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ त्या दिवशी रद्द झाले. वेतन संहिताही त्याच दिवशी लागू झाली. नवी न्यायाधिकरणे बसेपर्यंत जुन्या न्यायालयांनी काम पाहावे, असा केंद्राचा आदेश त्यानंतर डिसेंबरमध्ये निघाला. युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा (मालकाच्या किंवा युनियनच्या ज्या वागणुकीला कायद्याने मनाई आहे ती) यांविषयीचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, ज्याला सगळे कामगार ‘एमआरटीयू’ म्हणतात, तो संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. म्हणून आपला वाद कोणत्या तारखेला उद्भवला, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा. कोणते कलम लागू होईल, हे त्यावर ठरते.

प्रश्न : आमच्या कारखान्यात वेतनकरार झाला. वाढीव पगाराचा अठरा महिन्यांचा फरक (थकबाकी) मिळाला, पण कंपनीने प्रत्येकाच्या फरकातून १० टक्के कापून युनियनला दिले. मी कुठेही सही केलेली नाही. विचारले तर ‘करारातच तसे आहे’ म्हणतात. पैसे परत मिळतील का? – वेल्डर, चाकण

उत्तर : बहुतेक कामगारांना वाटते की आपली सही नाही म्हणजे कपात बेकायदा. ते पूर्ण खरे नाही, आणि या समजावर विसंबून दावा टाकणारे हरतात. म्हणून आधी तुमच्या विरोधात जाणारा निकाल पाहू.

मुंबईच्या बामर लॉरी कंपनीतील मान्यताप्राप्त युनियनने केलेल्या करारात असे कलम होते, की प्रत्येक कामगाराच्या एकूण फरकातून १५ टक्के रक्कम कंपनीने कापावी आणि युनियनच्या निधीत भरावी. कंपनीतल्या दुसऱ्या युनियनने त्याला आव्हान दिले. त्यांचे म्हणणे होते, की आम्ही त्या युनियनचे सभासदच नाही, मग आमच्या पैशातून त्यांचा निधी का भरायचा? सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हे आव्हान फेटाळले. मान्यताप्राप्त युनियन सर्व कामगारांच्या वतीने बोलते, तिने केलेला करार सभासद नसलेल्यांवरही बंधनकारक असतो आणि करारातून आलेली कपात ही सक्तीची वसुली होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. वेतन कायद्यात अशा कपातीची परवानगी नसली, तरी उभयपक्षी करारातून ती येऊ शकते, इथपर्यंत न्यायालय गेले.

आमच्या मते हा निकाल एकट्या कामगारासाठी फार कठोर आहे. पण तो आहे, आणि कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला तो पुढे ठेवेल. तेव्हा तुमचे प्रकरण त्याहून वेगळे आहे का, हे कागदांवरून तपासा.

पहिली गोष्ट, करार करणाऱ्या युनियनला औद्योगिक न्यायालयाचे मान्यता प्रमाणपत्र आहे का? नुसती नोंदणी आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर पट्ट्यातल्या कितीतरी युनियन नोंदणीकृत आहेत, कंपनी त्यांच्याशी करारही करते, पण एमआरटीयूखाली त्यांनी मान्यता घेतलेलीच नसते. बामर लॉरी निकालाचा सगळा भार मान्यतेवर आहे. मान्यता नसलेल्या युनियनने समेट अधिकाऱ्याशिवाय (कामगार खात्याचा तडजोड घडवणारा अधिकारी), कंपनीबरोबर परस्पर केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना आणि त्यांच्या सभासदांना बांधतो. तुम्ही सभासद नसाल तर इथे तुमची बाजू चांगली आहे.

दुसरी गोष्ट, कपातीचे कलम खरोखर करारात आहे का? कित्येकदा ते करारात नसते. युनियन नंतर कंपनीला वेगळे पत्र देते आणि पगार विभाग त्या पत्रावर कपात करतो. अशा पत्राला कराराचे बळ नाही. तिथे वेतन संहितेचा साधा नियम लागतो : युनियनच्या वर्गणीसाठी पगारातून कपात करायची, तर कर्मचाऱ्याची स्वतःची अधिकृती लागते. कराराची पूर्ण प्रत, परिशिष्टांसह, मिळवा. सूचना फलकावर लावलेला गोषवारा पुरत नाही, कारण हे कलम बहुधा शेवटच्या पानावर ‘इतर अटी’ या शीर्षकाखाली असते.

तिसरी, कलमात ‘स्वेच्छेने’ किंवा ‘संमती देणाऱ्या कामगारांकडून’ असे शब्द आहेत का? असतील तर तुमच्या संमतीचा कागद दाखवणे हे कंपनीचे काम.

कपात बेकायदा ठरते असे दिसले, तर दावा कंपनीविरुद्ध करा, कारण पगारातून पैसे कंपनीने कापले. वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. जुन्या वेतन प्रदान कायद्यात महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच ही वाट होती. संहितेत तशी मर्यादा नाही, त्यामुळे जास्त पगाराचे कुशल कामगारही आता जाऊ शकतात. पगारपत्रक, फरकाचा तक्ता आणि कंपनीला दिलेले हरकतीचे पत्र जोडा. ज्यांच्या कारखान्यात कपात अजून व्हायची आहे, त्यांनी फरक मिळण्याआधीच लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. पैसे मुकाट्याने घेऊन दोन वर्षांनी तक्रार केली, की ‘लाभ घेतला, आता अट नाकारता’ हा मुद्दा समोरून येतो.

प्रश्न : सर्वसाधारण सभेत मी दोन वर्षांचा हिशोब मागितला. पंधरा दिवसांनी फलकावर नोटीस लागली, की ‘संघटनाविरोधी कृत्याबद्दल’ माझे सभासदत्व रद्द. मला पत्र नाही, विचारणा नाही. माझ्याबरोबर आणखी चौघांना काढले. – मशीन ऑपरेटर, कागल

उत्तर : तुमच्यापुढे दोन कामे आहेत, सभासदत्व परत मिळवणे आणि हिशोब मिळवणे. दोन्ही एकाच अर्जात कोंबू नका, कारण हिशोबाचे काम न्यायालयाबाहेरही बरेच पुढे जाते.

सुरुवात युनियनच्या घटनेपासून करा. प्रत्येक नोंदणीकृत युनियनला लेखी घटना ठेवावीच लागते. त्यात सभासदांची यादी ठेवणे आणि ती सभासदांना पाहू देणे, निधीची सुरक्षितता, दर वर्षी लेखापरीक्षण, हिशोबाची पुस्तके सभासदांना तपासू देणे, पदाधिकाऱ्यांची निवडणूक आणि त्यांना काढण्याची पद्धत ही कलमे असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. निवडणूक घटनेत दिलेल्या मुदतीत व्हायला हवी. नव्या संहितेत वार्षिक सर्वसाधारण सभेची तरतूदही घटनेत असावी लागते. थोडक्यात, हिशोब मागणे हा सभासदाचा हक्क आहे. ते संघटनाविरोधी कृत्य कधीच ठरू शकत नाही.

युनियनने घटनेची प्रत दिली नाही, तर ती कामगार संघटना निबंधकांच्या कार्यालयात असते. हे कार्यालय कामगार आयुक्तालयाचाच भाग आहे. युनियनला माहितीचा अधिकार सहसा लागू होत नाही, पण निबंधकांच्या कार्यालयाला तो पूर्ण लागू आहे. युनियन दर वर्षी तिथे विवरणपत्र भरते. त्यात लेखापरीक्षित जमाखर्च, मालमत्ता व देणी, सभासदसंख्या आणि पदाधिकाऱ्यांतील बदल असतात. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एका अर्जात एकच विषय ठेवा, मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. ‘अमुक नोंदणी क्रमांकाच्या युनियनची घटना, तिच्यातील नोंदणीकृत दुरुस्त्या आणि मागील तीन वर्षांची वार्षिक विवरणपत्रे यांच्या प्रती’ एवढे लिहिले की पुरे. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असे लिहिले तर अर्ज हमखास परत येतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

ही विवरणपत्रे हातात आली की पुष्कळ गोष्टी आपोआप दिसतात. विवरणपत्रात ४०० सभासद आणि पगारातून वर्गणी कापली जाते ९०० जणांची, असा फरक दिसला तर उरलेल्या पाचशे जणांची वर्गणी कुठे जमा झाली, हा प्रश्न आकड्यांनिशी विचारता येतो. काही युनियननी कैक वर्षे विवरणपत्रच भरलेले नसते. तीही माहितीच आहे.

आता हकालपट्टी. घटनेत हकालपट्टीची जी पायरी लिहिली आहे, ती पाळली का, एवढ्यावरच असे खटले जिंकले जातात. आरोप लेखी द्यावा, उत्तराला मुदत द्यावी, म्हणणे ऐकावे आणि ज्या मंडळाला घटनेने अधिकार दिला त्याच मंडळाने ठराव करावा. कार्यकारिणीचा अधिकार अध्यक्षाने एकट्याने वापरला, तर ठराव तिथेच कोसळतो. आरोप खरा होता की खोटा, यात न्यायालय सहसा खोल शिरत नाही. म्हणून तुमचा अर्ज ‘मी किती प्रामाणिक आहे’ यावर न लिहिता ‘घटनेचे अमुक कलम मोडले’ यावर लिहा.

दाद कुठे? संहितेच्या कलम २२ नुसार सभासद आणि युनियन यांच्यातला नोंदणी, प्रशासन, व्यवस्थापन किंवा पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीविषयीचा वाद न्यायाधिकरणापुढे नेता येतो आणि दिवाणी न्यायालयाला तो ऐकता येत नाही. ‘हकालपट्टी’ हा शब्द त्या कलमात नाही. म्हणून अर्जाची मांडणी ‘युनियनचे प्रशासन घटनेविरुद्ध चालवल्याचा वाद’ अशी करा आणि हकालपट्टी हे त्याचे एक उदाहरण म्हणून लिहा. वाद २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचा असेल, तर १९२६ च्या कायद्यात महाराष्ट्राने घातलेले कलम २८-१ए लागते. त्यात चुकीच्या हकालपट्टीचा स्पष्ट उल्लेख होता, पण अट अशी की अर्जदार सहा महिने सभासद असावा आणि आधी निबंधकांची संमती घ्यावी. संमतीशिवाय थेट औद्योगिक न्यायालयात गेलेले अर्ज याच कारणाने पडत. नव्या कलम २२ मध्ये संमतीची अट नाही.

आणखी एक ठिकाणी पाय घसरतो. कलम २२ खालचा अर्ज युनियनचे नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या न्यायाधिकरणात करावा लागतो. कारखाना कागलला आणि युनियनची नोंदणी मुंबईची, ही परिस्थिती अगदी नेहमीची. नोंदणी प्रमाणपत्रावरचा पत्ता पाहिल्याशिवाय अर्ज टाइप करू नका.

पाचही जणांनी एकत्र अर्ज केला तरी प्रत्येकाची वर्गणी पावती वेगळी जोडा. आणि वर्गणी भरणे थांबवू नका. युनियन घेत नसेल तर तिच्या बँक खात्यात भरा किंवा मनीऑर्डर करा; परत आलेली मनीऑर्डर हा उत्तम पुरावा आहे. एमआरटीयूमध्ये सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर माणूस सभासद धरला जात नाही. मग ‘हा सभासदच नव्हता’ हे उत्तर युनियनला आयते मिळते.

प्रश्न : मला बडतर्फ केले. मी मान्यताप्राप्त युनियनचा सभासद नाही म्हणून ती केस घेत नाही. कंपनीचे लोक सांगतात, मान्यताप्राप्त युनियन असताना एकट्याला कोर्टात जाता येत नाही. – फिटर, सातपूर

उत्तर : हे चुकीचे सांगितले आहे. मान्यताप्राप्त युनियन असली की वेतन, बोनस, कामाचे तास अशा सामूहिक विषयांत तीच बोलते. पण बडतर्फी, कामावरून कमी करणे, कामगारकपात आणि निलंबन या आदेशांना एमआरटीयूच्या कलम २० मध्ये स्पष्ट अपवाद आहे. तिथे तुम्ही स्वतः जाऊ शकता. खातेनिहाय चौकशी चालू असेल, तर मान्यता नसलेली युनियनही आपल्या सभासदाच्या बाजूने तिथे उभी राहू शकते; एमआरटीयूचे कलम २२ तिला तो हक्क देते.

तुमच्यासमोर दोन वाटा आहेत आणि एक निवडली की दुसरी बंद होते. एमआरटीयूखाली कामगार न्यायालयात अनुचित प्रथेची तक्रार करायची तर आदेशापासून ९० दिवसांत. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण त्यावर भरवसा ठेवू नये. दुसरी वाट समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची. ४५ दिवसांत समेट झाला नाही तर थेट दाद मागता येते. जुन्या कायद्यात त्याला तीन वर्षांची मुदत होती, संहितेत ती दोन वर्षे झाली आहे. जुन्या आठवणीवर ‘तीन वर्षे आहेत’ म्हणून थांबू नका.

एमआरटीयूची वाट लवकरची आणि अंतरिम आदेशाची आहे. मात्र तुमच्या हजेरीवर कंत्राटदाराचे नाव असेल तर तिकडे जाऊ नका. कंपनी ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हणते आणि तो वाद त्या न्यायालयात ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सांगितले आहे. असे कामगार चार-पाच वर्षे लढून, मग त्याच मुद्द्यावर बाहेर पडतात. त्यांनी समेटाची वाट धरावी.

प्रश्न : कमिटीने कोणालाही न विचारता चार वर्षांचा करार केला. उत्पादन २२ टक्के वाढवून दिले, पगारवाढ मात्र नाममात्र. सहाशेपैकी साडेतीनशे जण विरोधात आहेत. करार रद्द करता येईल का? – ऑपरेटर, रांजणगाव

उत्तर : करार रद्द करून घेणे फार अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने हर्बर्टसन्स प्रकरणात १९७६ मध्ये आणि नंतर आयटीसी प्रकरणात २००२ मध्ये एकच सूत्र धरले : करार एकंदरीत पाहायचा, एकेक कलम सुटे काढून तोलायचे नाही, बहुसंख्य कामगारांच्या युनियनने केलेला करार न्याय्य आहे असे गृहीत धरायचे, आणि फसवणूक, लबाडी किंवा भ्रष्ट हेतू सिद्ध केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. ‘आम्हाला विचारले नाही’ हे एकटे कारण पुरत नाही. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार तर कारखान्यातल्या आजच्या आणि उद्याच्या सर्व कामगारांना बांधतो.

तरी एक गोष्ट तपासाच. करारावर सही करण्याआधी सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी, असे तुमच्या युनियनच्या घटनेत आहे का? असेल आणि तशी सभा झालीच नसेल, तर सह्या करणाऱ्यांना अधिकार नव्हता हा मुद्दा उभा राहतो. सभेचे इतिवृत्त, हजेरीच्या सह्या आणि सभेच्या तारखेचे हजेरीपत्रक ताडून पाहा. रात्रपाळीत मशीनवर असलेल्या माणसाची सही त्याच वेळच्या सभेच्या हजेरीवर सापडली, तर ती साध्या शंकेपेक्षा पुष्कळ भारी पडते.

साडेतीनशे जण खरोखर एकत्र असाल, तर आमचा सल्ला आहे की ताकद करारावरच्या खटल्यात घालवू नका. युनियन बदलण्यात किंवा आहे तीच निवडणुकीने ताब्यात घेण्यात लावा. घटनेत ठरावीक सभासदांच्या सहीने खास सभा बोलावण्याचे कलम बहुधा असते. निवडणूक घटनेतल्या मुदतीपलीकडे रखडली असेल तर तोच संहितेच्या कलम २२ चा वाद होतो.

नवी युनियन करून मान्यता घ्यायची असेल, तर एमआरटीयूखाली पन्नास किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमात अर्जाआधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासदत्व लागते. आधीची मान्यताप्राप्त युनियन हटवायची तर तिच्या मान्यतेला दोन वर्षे झालेली असावीत आणि तुमचे सभासद तिच्याहून जास्त असावेत. संहितेत वाटाघाटी करणाऱ्या युनियनसाठी हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ही कसोटी आहे. तेवढे कोणाकडेच नसतील तर २० टक्के असलेल्या युनियनची परिषद बसते आणि ही व्यवस्था किमान तीन वर्षे टिकते. तुमचे साडेतीनशे म्हणजे ५८ टक्के. दोन्ही कायद्यांत तुम्ही बसता. पण कागदावर बसायला हवे.

सभासदत्वाची पडताळणी औद्योगिक न्यायालयाचा तपास अधिकारी करतो आणि खरी हार तिथे होते. एकाच दिवशी, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात फाडलेल्या सहा महिन्यांच्या पावत्या. पावती पुस्तकाच्या स्थळप्रती आणि रोकडवहीतली रक्कम जुळत नाही. रोकड महिनोन्‌महिने कोणाच्या तरी घरी पडून, बँकेत भरणाच नाही. यादीत सुपरवायझर आणि कंत्राटी माणसे. वर्गणी दर महिन्याला घ्या, त्याच आठवड्यात बँकेत भरा, पावतीवर कामगाराची सही आणि टोकन क्रमांक असू द्या. कायद्याची किमान रक्कम महिना ५० पैसे आहे, म्हणजे पैशाची अडचण नाही. अडचण येते ती शिस्तीची. आणि एका कामगाराने दोन्ही युनियनच्या पावत्या घेतल्या असतील, तर जुन्या युनियनचा लेखी राजीनामा, पोचेसह, आधीच तयार ठेवा.

प्रश्न : युनियनमध्ये फूट पडली. दोन अध्यक्ष, दोन सरचिटणीस. बँकेने खाते गोठवले, कंपनी कापलेली वर्गणी कोणालाच देत नाही. – युनियन सभासद, वागळे इस्टेट

उत्तर : बँक आणि कंपनी दोघांनीही योग्यच केले आहे, चुकीच्या गटाला पैसे दिले तर त्यांच्यावर शेकते. अशा वेळी पोलिसांत जाऊन कार्यालयाच्या किल्ल्यांवरून भांडणे निष्फळ. संहितेच्या कलम २२ खाली अर्ज करा आणि त्याच अर्जात अंतरिम मागण्या घाला : हिशोबाची पुस्तके आणि पावती पुस्तके न्यायालयाच्या ताब्यात द्यावीत, वर्गणी वेगळ्या खात्यात जमा व्हावी, आणि निरीक्षकाच्या देखरेखीखाली निवडणूक घ्यावी. जुन्या २८-१ए मध्ये प्रशासक समिती नेमण्याचा आणि देखरेखीखाली निवडणूक घेण्याचा अधिकार औद्योगिक न्यायालयाला स्पष्ट दिलेला होता. वाद त्या काळातला असेल तर त्याचाच आधार घ्या.

निवडणुकीचा आदेश मिळाला म्हणजे काम झाले, असे समजू नका. पुढचे सगळे भांडण मतदारयादीवर होते. फुटीच्या आधीच्या महिन्याची वर्गणी कपातीची यादी कंपनीच्या पगार विभागाकडून मागवावी, अशी विनंती करा. त्या यादीत दोन्ही गटांना हेराफेरी करता येत नाही. उमेदवारांत बाहेरचे किती, हेही पाहा : संघटित उद्योगात बाहेरचे पदाधिकारी एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जे कमी तेवढेच चालतात.

प्रश्न : माझी बडतर्फीची केस युनियनचा प्रतिनिधी पाहत होता. तो तारखांना गेलाच नाही. आता कळले की केस फेटाळली. – माजी सूतगिरणी कामगार, सोलापूर

उत्तर : आज-उद्याच न्यायालयाच्या कार्यालयात जा आणि रोजनामा (प्रत्येक तारखेची नोंद) व अंतिम आदेश यांच्या प्रमाणित प्रती घ्या. केस युनियनच्या हाती असली तरी ती तुमची आहे, त्यामुळे ती पुन्हा उभी करण्याचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. तुमच्या गैरहजेरीत निवाडा झाला असेल, तर तो प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज जाणे सर्वांत सुरक्षित. त्याहून उशीर झाला असेल तर आपल्याला केव्हा आणि कसे कळले, हे तारखेनिशी शपथपत्रात लिहा. नुसता ‘युनियनने फसवले’ असा ठपका न ठेवता तुम्ही त्या काळात चौकशी केल्याचे पुरावे, मेसेज, पत्रे, वर्गणीच्या पावत्या जोडा. युनियनला दिलेले अधिकारपत्र लेखी रद्द करून त्याची प्रत न्यायालयात द्या, नाहीतर पुढची नोटीसही पुन्हा त्याच माणसाकडे जाईल.

प्रश्न : वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात कामगारांना नको असलेली युनियन त्यांना बदलता का आली नाही? – लालबाग

उत्तर : कारण कायदा वेगळा होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, पण गिरण्यांना मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ लागू होता आणि त्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक युनियन होती. मान्यता एकेका गिरणीची नव्हे, तर मुंबईतल्या सगळ्या कापड गिरण्यांची मिळून होती आणि त्यासाठी २५ टक्के सभासदत्व पुरत होते. एखाद्या गिरणीतले सगळे कामगार सोडून गेले, तरी त्याने काही बदलत नव्हते. सामूहिक वादात प्रातिनिधिक युनियन न्यायालयात उभी राहिली की एकट्या कामगाराला तिथे बोलता येत नसे. तिचा हेतू वाईट असला तरीही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या गिरिजाशंकर काशीराम प्रकरणात म्हटले, आणि संतुराम खुदाई प्रकरणात तेच कायम केले. कामगारांपुढे उपाय एकच उरत होता, प्रातिनिधिक युनियनची नोंदणी रद्द करून घेण्याचा, आणि तो शहरभरच्या गिरण्यांतल्या सभासदांच्या मोजणीतून जात होता.

प्रश्न : मी दुसऱ्या युनियनची पावती फाडली म्हणून जुन्या युनियनचे लोक गेटवर अडवतात, घरी येऊन धमकावतात. – पॅकिंग कामगार, तारापूर

उत्तर : एमआरटीयूच्या तिसऱ्या अनुसूचीत युनियनच्या अनुचित प्रथा दिल्या आहेत. कोणत्या युनियनमध्ये जायचे किंवा जायचे नाही, यासाठी कामगारावर बळ वा धाक वापरणे ही त्यातली एक. औद्योगिक न्यायालयात ९० दिवसांच्या आत तक्रार करा. तक्रार एकटा कामगारही करू शकतो. प्रत्येक प्रसंगाची तारीख, पाळी, गेट आणि हजर असलेल्यांची नावे लिहा, आणि त्या वेळचे गेटवरचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचे पत्र कंपनीला लगेच द्या, कारण ते थोड्याच दिवसांत पुसले जाते. न्यायालयाचा मनाईचा आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. मारहाणीची किंवा जिवाची धमकी असेल तर पोलीस ठाण्यातली तक्रार वेगळी द्या, आणि तिची प्रत या अर्जाला जोडा.